छाननीचे दिवस

आमच्या घरात 'छाननी' हा शब्द मिठासारखा वापरला जायचा, म्हणजे सगळ्यात आणि न मोजता. त्याला कारण आजोबा. नागपूरच्या एका सरकारी कचेरीत लोकांच्या अर्जांची छाननी करून त्यांतल्या त्रुटी काढणं, हे काम त्यांनी नोकरीभर केलं. निवृत्त झाल्यावर अर्ज यायचे थांबले, पण त्रुटी काढणं काही थांबलं नाही. आजी गेल्यानंतर बाबांनी त्यांना काही महिन्यांसाठी आमच्याकडे डब्लिनच्या टॅला उपनगरात आणलं, तेव्हा विमानतळावरून घरी पोहोचेपर्यंत त्यांची आयर्लंडची छाननी उरकली होती. "रस्त्यावर माणूस नाही, ऊन आहे पण त्याले ताप नाही, अन् पाऊस पडून राहिला तरी कोणी पळत नाही," असं म्हणत त्यांनी दारात बूट काढले आणि देश त्रुटींच्या पूर्ततेसाठी परत पाठवला. पुढे रोज सकाळी ते खिडकीपाशी बसून इथलं गव्हाचं पीठ चाळायचे. चाळणीत कधीच काही उरायचं नाही. त्याचाही त्यांना संशय यायचा.

या शब्दाच्या वापराबाबत ते फार कडक होते. एकदा मी शाळेतून आले आणि म्हणाले, "आजोबा, आज आमच्या लॉकरची छाननी झाली," तर त्यांनी हातातला फोडणीच्या पोळीचा घास ताटात ठेवला. "लॉकरची झडती होते, पोट्टे. झडती घेणारा आधी चोर ठरवते अन् मग पाहते." मग त्यांनी मला समोर बसवलं. पाहणी मंत्री करतात, तीही गाडीतून न उतरता. तपासणी डॉक्टरची. चौकशी शेजारपाजारचे करतात आणि ठरलेलं लग्न मोडेपर्यंत सोडत नाहीत. शहानिशा हा शब्द त्यांना आवडायचा, पण त्याचं काम भांडण पेटल्यावर पडतं, असं त्यांचं मत. "मग छाननी?" मी विचारलं. "छाननीले घाई नसते. समोर कागद पाहिजे, हातात लाल पेन पाहिजे, अन् अर्जदार बाहेर बाकड्यावर बसलेला पाहिजे." तो कशाला, असं मी विचारल्यावर ते माझ्याकडे बघतच राहिले. "तो बाहेर बसलेला नसंन, तर छाननी करायची कोणासाठी?"

मी पुढे जन्मभर भाषांतराचं काम केलं. कोर्टात, दवाखान्यांत, कचेऱ्यांत, या भाषेतलं त्या भाषेत. छाननीला प्रतिशब्द देण्याची वेळ शेकडो वेळा आली आणि दर वेळी शब्दकोशात मिळतो तो देऊन मी मोकळी झाले. पण शब्दकोशात ते बाकडं नाही, हे मला दर वेळी खटकलं. आता माझं वय झालं, कानाला यंत्र लागलं, तरी एखाद्या खिडकीसमोर माणसं रांगेत बसलेली दिसली की माझ्या मनात आजोबांचा आवाज येतो.

बाबांनी हा वारसा नव्या काळात नेला. बॉल्सब्रिजच्या एका कंपनीत ते सॉफ्टवेअर टेस्टर होते, म्हणजे इतरांनी केलेल्या कामात चुका शोधायच्या आणि ते करणाऱ्याला हसतमुखाने कळवायच्या. घरीही तेच. भाजी तोंडात गेली की आधी ते डोळे मिटायचे, आणि आई म्हणायची, "रिपोर्ट नको, जेवा." गंमत अशी की खरी बारकाईची नोकरी आईची होती. टॅलाच्या मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून लोकांच्या रक्तपेशी बघायची. त्यामुळे घरी आल्यावर तिला कशाकडेच निरखून बघायचं नसायचं. कोथिंबीर न निवडता फोडणीत जायची, मोजे जोड्या न लावता कपाटात. कपाटाला आम्ही तोवर 'प्रेस' म्हणायला लागलो होतो, कारण इथे सगळे तसंच म्हणतात. जिन्याखाली गरम पाण्याची टाकी असलेली एक 'हॉट प्रेस' होती. इतरांच्या घरी त्यात टॉवेल ठेवतात, आमच्याकडे दही लागायचं. त्या उबेत लागलेल्या दह्यात मात्र आजोबांना त्रुटी सापडली नाही, आणि म्हणून त्यांनी त्याबद्दल कधी काही बोलायचंच टाळलं.

असं सगळं चाललेलं असताना घरमालकाने कळवलं की तो घर विकतोय, तुम्ही दुसरी सोय बघा. डब्लिनमध्ये भाड्याचं घर मिळणं म्हणजे काय, हे ज्यांनी शोधलंय त्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना पटणार नाही. मुदतीत घर मिळालं नाही तर काय, ते आईबाबांनी स्वयंपाकघरात हळू आवाजात ठरवलं आणि मी जिन्यात बसून ऐकलं. बाबा कुणाच्या तरी घरात एक पलंग भाड्याने घेणार. आईने नोकरी सोडायची. ती आणि मी आजोबांबरोबर नागपूरला परत. मी तेव्हा चौदा-पंधराची होते. इथे आल्यावर पहिलं वर्षभर मी शाळेत जवळजवळ मुकी होते. मग हळूहळू मैत्रिणी झाल्या, माझ्या विनोदांना लोक हसायला लागले. ते सगळं सोडून पुन्हा नव्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायचं होतं. आणि बाबा एकटे कुणाच्या तरी पलंगावर, हे चित्र तर मला बघवेना.

आम्ही घरं बघायला जाऊ लागलो. दर वेळी तेच. एका छोट्या घरासमोर पन्नासेक माणसांची रांग, रिमझिम पाऊस, आणि दारात टोकदार बुटांतला एक एजंट. लोक पाच मिनिटं आत जाऊन "लव्हली, लव्हली" म्हणत बाहेर यायचे. बाबा आत गेले की मात्र टेस्टिंग सुरू व्हायचं. ते भिंतीवर बोटाने टकटक करून कान लावायचे. सगळे नळ एकदम सोडायचे. जमिनीवर उडी मारायचे. प्रेस उघडून आत डोकं घालून वास घ्यायचे. मग एजंटला प्रेमाने सांगायचे की, मागच्या खोलीत ओल आहे, खिडकी नीट बसत नाही आणि संडासाची साखळी ओढल्यावर शेजारच्या घरात कुणीतरी खोकतं. एजंट म्हणायचा, "ग्रँड." इथे 'ग्रँड' म्हणजे उत्तमही असतं आणि आता निघाही असतं. त्यानंतर त्याचा फोन कधी यायचा नाही. बाबांना ते कळायचंच नाही. "मी त्याला फुकटात एवढा क्वालिटी फीडबॅक दिला," असं ते ट्राममध्ये बसून बिचारे मनापासून म्हणायचे.

एका शनिवारी आई भडकली. पोळी लाटता लाटता लाटणं तसंच धरून म्हणाली, "अहो, तुम्हाला एक कळत नाहीये. घर बघायला आपण जात नाही. घर आपल्याला बघतं. आपण मुलीकडचे आहोत."

बाबा आणि आजोबा एकाच वेळी उठले. आमच्या घराण्याच्या इतिहासात असा अपमान झाला नव्हता. "आपण मुलाकडचे, सूनबाई," आजोबा म्हणाले. "पाहाले आपण जाऊन राहिलो ना?"

"मामंजी, पन्नास जणं रांगेत आहेत. मुलीला पन्नास स्थळं आली असती तर तुम्ही भिंती वाजवत बसला असता का?"

यावर वाद झाला तो जेवण होऊन गेलं तरी संपला नाही. घर नवरी की नवरा? भाडं म्हणजे हुंडा का? मग तो महिन्याला कसा? बाबांचं म्हणणं, आपण पैसे देतो म्हणजे आपण गिऱ्हाईक. आईचं म्हणणं, हुंडा देणाऱ्यालाही असंच वाटायचं. शेवटी आजोबांनी डोळे मिटले आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "सूनबाई बरोबर बोलून राहिल्या. अर्ज आपला आहे. छाननी त्याईची." ते ऐकून मला कसंतरीच झालं. त्यांना इतकं वाकलेलं मी पाहिलं नव्हतं.

मग मात्र आईने सूत्रं हातात घेतली. लग्नाआधी तिचे डझनभर तरी बघण्याचे कार्यक्रम झाले होते, आणि त्या विद्येचा आता तिने धडाधड वापर सुरू केला. आमच्या बैठकीच्या खोलीत तालमी व्हायला लागल्या. आजोबा घरमालक. ते सोफ्यावर मांडी घालून बसायचे, आम्ही तिघं समोर. हात मांडीवर, पाठ ताठ, हसू पण दात नाहीत. "भिंतीकडे बघायचं नाही," आई बाबांना बजावायची. "हात मागे धरा, सुटू देऊ नका." आजोबा घरमालक म्हणून फारच रंगले. "पगार किती? नोकरी पक्की का? फोडणी देता का? देता तर खिडकी उघडून देता का बंद करून?" एकदा त्यांनी आम्हाला सरळ नापास केलं आणि सुनेने लाटणं दाखवल्यावर फेरविचार केला. पोह्यांवरूनही भांडण झालं. आईचं म्हणणं, न्यायचे. बाबांचं म्हणणं, आपल्याला घर न देण्याचं जे कारण लोक मनात ठेवतात, तेच आपण डब्यात घालून न्यायचं का? आई म्हणाली, "वास लपवून घर घेतलं तर तिथे जन्मभर ब्रेड खावा लागेल." हिंग-मोहरीसकट पोहे ठरले.

"आणि शेवटी ते मुलीला विचारतात," आई मला म्हणाली, "तुला काही विचारायचं आहे का? तेव्हा फक्त मान हलवायची. नाही म्हणून."

"तुला कधी काही विचारायचं नव्हतं?"

"प्रत्येक वेळी होतं," आई म्हणाली आणि कांदा चिरायला वळली.

डून लेरीच्या घराची जाहिरात कुठेच नव्हती. आईच्या लॅबमधल्या एका बाईच्या ओळखीने ते कळलं होतं. समुद्रापासून वरच्या बाजूला, उतारावरचं जुनं घर. त्या दिवशी आई जांभळ्या सिल्कच्या साडीवर रेनकोट घालून, मांडीवर डबा घेऊन डार्टमध्ये, म्हणजे इथल्या किनाऱ्यालगतच्या लोकलमध्ये बसली, आणि समोरचा माणूस सबंध प्रवासभर त्या डब्याकडे आशेने बघत राहिला. आजोबांना आम्ही गप्प राहायच्या अटीवर आणलं होतं. रांग नव्हती. दार एका उंच, वाकलेल्या म्हाताऱ्या बाईने उघडलं. तिचं नाव नोरा. तिच्या मागे तिचा भाऊ डोनल, हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन. व्यवहार तो बघणार, हे त्याने हस्तांदोलन करतानाच सांगून टाकलं. नोरा त्याला 'युअर मॅन' म्हणत होती. इथे परक्या माणसाचा उल्लेख तसा करतात. सख्खा भाऊ समोर बसलेला असताना तिने तो शब्द वापरला, तेव्हाच मला काहीतरी बिनसल्याची शंका यायला हवी होती.

आम्ही तालमीबरहुकूम बसलो. बाबांचे हात पाठीमागे. स्वयंपाकघराच्या छतावर एक तपकिरी डाग होता, वाडग्याएवढा, आणि बाबांची मान त्याच्या दिशेला जाऊ नये म्हणून त्यांना जे कष्ट पडत होते ते माझ्याने बघवेनात. डोनलने प्रश्न विचारले. पगार, नोकरी, किती माणसं. आईने खाली बघत उत्तरं दिली. घर कसं वाटलं, असं त्याने विचारल्यावर बाबा म्हणाले, "ग्रँड." पाठीमागचे हात त्यांनी आणखी घट्ट धरले. "एव्हरीथिंग इज ग्रँड." मग आईने डबा उघडला. हिंगाचा वास सगळ्या खोलीभर गेला. डोनलने खिडकीकडे पाहिलं. नोराने बशीतले पोहे चमच्यावर घेतले, चष्मा कपाळावरून खाली ओढून त्यांतली एक मोहरी निरखली, खाल्ले, आणि बशी खाली ठेवली. मग माझ्याकडे वळली.

"आणि तू? तुला काही विचारायचं आहे?"

मी शिकवल्याप्रमाणे मान हलवली. पण हलवता हलवता मला तिच्या मागची खोली दिसली. दार उघडं होतं. एकच पलंग, त्यावर उघडी बॅग, बॅगेत घड्या घातलेले लोकरीचे कपडे. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही कुठे जाणार?"

आईने माझ्या पायावर पाय दिला. डोनल म्हणाला, ती जातेय तो वृद्धाश्रम फार सुंदर आहे, बाग आहे, सगळं बघणारी माणसं आहेत, ती तिथे ग्रँड राहील. नोरा त्याच्याकडे न बघता मलाच म्हणाली, "तिथून दोघीजणी आल्या होत्या मला बघायला. मी किती खाते, जिना चढते का, रात्री किती वेळा उठते. इथेच, तू बसलीस त्या खुर्चीवर बसवलं होतं मला. मी पास झाले म्हणे."

"काय म्हणून राहिल्या त्या?" आजोबांनी माझा हात हलवला. मी त्यांना सांगितलं. सगळं सांगून झाल्यावर कसं पुरं करावं ते कळेना, म्हणून म्हणाले, "आजोबा, त्यांची छाननी झाली."

आजोबा उठून उभे राहिले. गप्प राहायचं विसरले, इंग्रजी येत नाही हेही विसरले. "म्हणजे बाई, तुम्ही बी बाकड्यावरच," ते नोराला मराठीत म्हणाले, आणि तिने समजल्यासारखी मान डोलावली.

त्यानंतर आईने जे केलं ते कुठल्याच तालमीत नव्हतं. तिने मान वर केली. समोरच्या बाईकडे थेट बघत तिने इंग्रजीत विचारलं, "तुम्हाला जायचंय का?"

"नाही," नोरा म्हणाली.

"आम्हाला दोन खोल्या पुरतात. मागची खोली तुमचीच राहू दे."

"अगं," बाबा म्हणाले, आणि धक्क्याने त्यांचे हात सुटले. डोनल म्हणाला, हा काय वेडेपणा आहे, ही पडली-झडली तर कोण जबाबदार? आई म्हणाली की मी डॉक्टर नाही, नर्सही नाही, मी फक्त रक्त बघते. पण घरात माणसं असतील. तेवढंच सांगू शकते. नोराने पोह्यांची बशी पुढे सरकवली आणि बाबांकडे बोट दाखवलं. "हा माणूस आल्यापासून मनात काहीतरी धरून बसलाय. बोल रे, काय ते."

बाबांचा बांध फुटला. त्यांनी भिंत वाजवली, छत दाखवलं, खिडकी हलवून दाखवली, नळ सोडला. वरच्या बाथरूमचं पाणी आत मुरतंय, येत्या हिवाळ्यात हे छत खाली येणार, असं त्यांनी खुर्चीवर उभं राहून सांगितलं. नोराचा चेहरा उजळत गेला. "ऐकलंस?" ती भावाला म्हणाली. "हेच मी तुला किती दिवस सांगतेय, आणि तू म्हणतोस मला भास होतात."

डोनल "विचार करून कळवतो" म्हणाला. हे वाक्य आईच्या ओळखीचं होतं, आणि परतीच्या गाडीत ती डबा मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत बसली. मला खात्री होती की माझ्या प्रश्नाने सगळं गेलं. पुढचे काही दिवस आजोबांनी पीठ चाळलं नाही. मग एका संध्याकाळी नोराचा स्वतःचाच फोन आला. घर तिच्या नावावर आहे, डोनलच्या नव्हे, हे तिने वकिलाकडून त्याला ऐकवलं होतं. ख्रिसमसपर्यंत राहून बघा, जमलं तर पुढे बघू. आजोबांनी दोनदा विचारून खात्री केली की घरासोबत बाईही येणार, आणि मग मोठ्यांदा हसले. "सूनबाई, मग तर आपण मुलाकडचेच! नवरीसंगं पाठराखीण येऊन राहिली."

आम्ही सामान नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आले, तेव्हा आई सिंकपाशी पाठमोरी उभी होती. आदल्या दिवशी तिने आमचे मसाल्याचे डबे प्रेसच्या सगळ्यात खालच्या फळीवर, मागे, कुणाला दिसू नयेत असे लावले होते. नोरा गाऊनमध्ये त्या प्रेससमोर स्टूल घेऊन बसली होती. एकेक डबा बाहेर काढत होती, झाकण उघडत होती, चष्म्यातून आत बघत होती, वास घेत होती आणि शेजारी ठेवत होती. हळद, धने, गोडा मसाला, तीळ. आईने नळ चालू ठेवला होता, पण हातात भांडं नव्हतं. मी तिच्या खांद्यांकडे बघत होते आणि मला रडू येईल असं वाटत होतं. मग हिंगाची डबी आली. नोराने ती नाकाशी नेली, मागे सरली, येशूचं, त्याच्या आईचं आणि बापाचं नाव घेतलं, आणि झाकण घट्ट लावलं. मग ती स्टुलाला धरून उठली. डोळ्यांसमोरच्या फळीवर तिचा चहाचा डबा होता, पत्र्याचा, रंग उडालेला, वर्षानुवर्षं तिथेच राहिलेला असणार, कारण त्याखाली फळीवर अंथरलेल्या कागदावर गोल उमटला होता. तो तिने उचलून खाली ठेवला आणि त्या गोलात आमची हिंगाची डबी ठेवली.

"ही तुला हाताशी लागेल," ती आईला म्हणाली आणि तिच्या खोलीत निघून गेली.

आईने नळ बंद केला. तिचं इंग्रजी माझ्याहून चांगलं होतं. तरी तिने पदराने डोळे पुसले आणि मला विचारलं, "काय म्हणाल्या गं त्या?"

मी तिला मराठीत सांगितलं.